बुडणारा पंख

चाकं काढून टाकली. रंगाच्या रिकाम्या बादलीतून
दोन पट्ट्या कापल्या, मेणबत्तीवर धरून वाकवल्या:
झाल्या विमानाच्या स्की.
नाकात गळाचं शिसं कोंबलं,
दोन बोटांच्या टोकांवर तोलून पाहिलं.
शेपूट अजून जड. आणखी एक शिसं.

बॅटरी गारठून मरते, म्हणून ती काखेत.
एकसष्टाव्या वर्षी मी गोठलेल्या तळ्यावर
अंडं उबवत उभा.

साइमी चौदा वर्षांची, शेजारच्या टोइवानेनांची.
म्हणते, ओइवा, लांब जाताना सगळ्यांनाच जमतं.
खरंय. जाताना डावं ते डावंच असतं.
वळून माझ्याकडे यायला लागलं
की हात खोटं बोलतात.

तीनदा बर्फात नाक. तीनदा फोम, गोंद, चिकटपट्टी.
पंख जरा वर उचलून बसवले, उथळ ओंजळीसारखे.
चौथ्यांदाही नाकच.

"डावं-उजवं सोडा हो," ती वैतागली,
"जो पंख बुडतोय ना, दांडी त्याच्याकडे ढकला."

त्याच्याकडे.
ओलावी दारूत बुडत होता त्या हिवाळ्यात
मी घरोघर पत्रं टाकत होतो,
त्याची गल्ली टाळून.

येतंय आता, तिरप्या उन्हातून, थेट अंगावर.
माझ्या डावीकडचा पंख कलला. ढकलली.
सावरला!
स्की टेकल्या, उडाल्या, टेकल्या,
विमान घसरत गेलं, घसरतच गेलं
कालेर्वोच्या मासेमारीच्या भोकापर्यंत.
त्यानं मान वर न करता
बादली तेवढी सरकवली.

बॅटरी काढली. पुन्हा काखेत.