भेगेचं टोक

वखारभागात, हळदीच्या रिकाम्या पोत्यांमागची
ताडपत्री आदगोंडानं ओढली
आणि शिंकला.
चार ड्रम. पाचवा, स्नेअर, कुणी वाजवायला नेला तो नेलाच.
पिवळे. मला आठवत होते तसेच,
मधाच्या बरणीत दिवा ठेवावा तसे.

सिलास मास्तर वाजवायचे हे,
गणपतीत, ट्रकवर बसून.
मी नऊ वर्षांचा, वडिलांच्या खांद्यावर.
गाणं कुठलं होतं आठवत नाही.
ड्रमच्या आरपार मास्तरांचा पाय दिसत होता,
चप्पल काढलेला, वर-खाली.
आवाज कुठून येतो
ते पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं.

"ऑक्टापॅड दे आणि उचल," आदगोंडा म्हणतो,
"पुतण्या मागं लागलाय. वर एक रुपाया नको."

ऑक्टापॅड म्हणजे अठरा हप्ते,
शेवटचा गेल्या दिवाळीत फिटला.
जतची लग्नं, कुपवाडचे वाढदिवस,
एका चौकोनात ढोलकी, शेजारच्यात काच फुटल्याचा आवाज.
मोटरसायकलवर मांडीत मावतो.
ह्यांना टेम्पो लागेल.
शालन भांडणार नाही. पलंगाखालची ट्रंक ओढून
जागा मोजेल, वितेनं,
आणि आकडा मला सांगणार नाही.

मी बोट थुंकीनं ओलं करून पुसलं.
पिवळं बोटाला आलं.
खाली काही रंगच नव्हता.
पलीकडे आदगोंडाच्या बनियनचं भोक दिसलं.
मग मी चाळीस वर्षं जो आठवत होतो
तो रंग कशाचा? ट्रकवरच्या बल्बांचा?
का वडिलांच्या फेट्याचा, मधे मधे डोळ्यांवर येणारा?

बेस ड्रमला तीन भेगा.
तिन्ही स्क्रूच्या भोकातून निघालेल्या;
कुणीतरी जिवाच्या आकांतानं आवळलं असणार.
दोन थांबल्यात. तिसरी वीतभर,
कडेला पोचायला दोन बोटं कमी.
टिचकी मारली
तर डब्यात गोमाशी कोंडल्यासारखं काहीतरी बोलली.

मिरजेत दस्तगीरचाचांना फोटो दाखवला होता.
तडकलेला भोपळा ते असा सांधतात
की तंबोऱ्यालाही पत्ता लागू नये,
सरस, भुसा, वरून वेलबुट्टी.
चष्मा कपाळावर नेत म्हणाले,
"लाकूड आपल्याला खोटं बोलू देतं, बेटा.
हे नाही देणार."

नंबरप्लेटा करणारा बाबर मात्र लगेच म्हणाला, जुडतंय की.
"क्लोरोफॉर्म. सुईनं सोडायचा, भेग आपसूक पिते.
दिसणार मात्र, जन्मभर.
आणि त्याच्याआधी भेगेच्या टोकाला भोक पाड,
तीन एमएमचं.
गोलाला टोक नसतंय.
भेग तिथं येते आणि तिला फुडं कुठं जायचं कळत नाही."
हे सांगून तो परत
कुणाच्या तरी बुलेटचा आकडा कापू लागला.
मी त्या रात्री झोपलो नाही.

हिशेब कितीही फिरवला तरी तोट्याचा.
ह्या ड्रमांवर काच फुटत नाही, कोंबडा आरवत नाही.
सुपारी देणारा विचारेल, बाकीचे आवाज कुठायत?
आणि मास्तरांसारखा पाय माझा नाही,
माझा गुडघा चार वर्षं झाली
जिना उतरताना वाजतो, तेवढाच.

"मग? ठरलं?"
आदगोंडा दारात, किल्ल्यांचा जुडगा बोटात.
बाहेर हमालांनी चहा ओतून घेतला होता.

मी पिशवीतून गिरमिट काढलं.
तिसऱ्या भेगेचं टोक अंगठ्याच्या नखानं शोधलं;
डोळ्याला दिसतं त्याच्याही थोडं पुढं असतं ते.
हळूहळू फिरवत गेलो.
पांढरा, बारीक, पिठासारखा कीस
हळदीवर पडत राहिला.

"अरे, अजून माझा हाय तो," आदगोंडा म्हणाला.

"तुझाच आहे," मी म्हटलं, "धर जरा पलीकडून."

त्यानं धरला.