चौदा तारखेचं गाठोडं

चौदा ऑगस्टला गाठोडं पांढरंच येतं.
कुर्ते, सलवारी, शाळेचे शर्ट,
सगळ्यांनाच उद्या सातला हवेत.

रात्री सेक्रेटरी गडेकर पिशवीतून झेंडा काढतात,
"सुरकुत्या तेवढ्या घालवा हो सिंधूताई,
वर्षभर मीटररूममध्ये पडून होता."

माझ्या दरपत्रकात झेंडा नाही.
खादी हट्टी असते.
खाली धुतलेली चादर अंथरली,
पाणी शिंपडलं, चक्रावरून हलकेच गेले.
वहीत लिहिलं : ओढणी, एक.
पैशाच्या रकान्यात रेघ.

सकाळी मुलुंडच्या या जिन्याखाली
पटांगणातलं राष्ट्रगीत ऐकू आलं
तेव्हा दातेबाईंचा ब्लाउज अर्धाच झालेला.

उभी काय, मी रोजच असते.
आज इस्त्रीही उभी केली,
बावन्न सेकंद.

मग उरलेली बाही.