बंद करण्याआधीचं एक मिनिट

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या मागच्या गल्लीत
दस्तगीरनं माझ्या गाडीचं बॉनेट वर केलं,
ऑइलचं झाकण काढलं आणि म्हणाला, हात ठेव.
ठेवला.
तळव्याला आतून धक्के बसत होते,
गरम, तेलकट, मधेच एखादा चुकलेला.
तीन लाख एकेचाळीस हजार किलोमीटर
त्या एवढ्याशा भोकातनं माझ्या हाताला लागत होते.

मग टर्बोची दांडी दोन बोटांत धरून हलवली त्यानं.
हलायला नको तेवढी हलली.
"हाच उघडून करतो म्हटलास तर सात हजार.
मोठा बसव म्हटलास तर पंचवीस. आगतैति, होतंय की."
टेस्टरनं कान खाजवत थोडा वेळ गप्प.
"पण वारं जास्त दिलं की ते धरणार कोण?
रिंगा तुझ्या पहिल्याच.
वरचं नवं, खालचं जुनं.
आणि खालचं आधी सांगत नाही बघ,
एक दिवस थेट रॉडच बाहेर काढतंय."

भाचा भरमू म्हणतो, मामा, लाव.
एकशे दहाचं दीडशे कसं होतं ते
त्यानं माझ्याच वहीत मांडून दिलंय,
उधारीच्या पानावर,
मुतगेकरांकडून यायच्या चार हजारांच्या खाली.

मालन विचारते, मोठा म्हणजे? आवाज मोठा?
नाही म्हटलं. घाटात ओढ चांगली.
"घाटात तुमची कोण वाट बघतंय?"
याला उत्तर नव्हतं. म्हणजे होतं,
पण जेवताना सांगण्यासारखं नव्हतं:
चोर्ल्याच्या चौथ्या वळणावर
मागचं पोरगं हॉर्न देतं,
मी खिडकीतनं हात काढून हो पुढं म्हणतो,
आणि आत घेताना तो हात माझा वाटत नाही.

गुरुवारी पंपाच्या बॉड्या डिचोलीला टाकल्या.
येताना म्हापशाला गेलो. सहज,
असं स्वतःलाच सांगत.
कायतानच्या शेडमध्ये एक गाडी पुढून मागून चेपलेली,
पण तिचा टर्बो शाबूत.
बोटानं पंखा फिरवला. आवाज नाही.
फिरला, थांबला, जसा काही मी विचारलंच नव्हतं.
अकरावरून नऊवर आला. घेतला.
गोव्याच्या पेपरात गुंडाळून दिला त्यानं,
भाड्यानं खोली पाहिजे, ते पान वर.

मागं नारळाची चार पोती, टर्बो शेजारच्या सीटवर.
वळणात पडू नये म्हणून त्याला बेल्ट लावला.
केरी सोडली आणि चढ लागला.
दुसऱ्या गिअरात जुना शिट्टी घालत राहिला,
आरशात धूर,
आणि नवा बेल्टात बसून, पाहुण्यासारखा,
जुन्याच्या जिवावर घाट चढत होता.

चौथ्या वळणावर हॉर्न आलाच.
या वेळी हात काढला नाही.
तसाच रेटत नेली, पुढच्या रुंद जागेपर्यंत,
मग दिली वाट.
काही फार मोठं नव्हतं ते. शंभरेक मीटर.

कणकुंबीच्या नाक्यावर पोलिसानं आत डोकावून
कन्नडमध्ये विचारलं, हे काय.
टर्बो, म्हटलं.
"बेल्ट यातक?"
कशाला ते मलाही सांगता येईना, ना कन्नडमध्ये, ना मराठीत.
हसला, सोडलं.

मजगावात दाराशी आलो तेव्हा साडेआठ.
बंद करण्याआधी एक मिनिट चालू ठेवायची,
गाडी घेतल्या दिवसापासूनची सवय.
टर्बो तापलेला असतो,
तेल फिरत राहिलं पाहिजे त्याच्यातनं.
मालनला वाटतं, मी बसून विचार करतोय.

सोमवारी दस्तगीर विचारेल, कुठला बसवू.
शेजारी एक, थंड, पेपरात.
समोर एक, अजून गरम, शिट्टी हळूहळू उतरवत.
किल्लीवर हात ठेवून बसलो होतो.
मिनिट होऊन गेलं होतं बहुतेक.