उकिडवा

फ्लोरिन टीचर फळ्यावर खुर्ची काढतात,
शेजारी तिची थोरली बहीण, हातवाली.
साध्या खुर्चीवर माणूस ऑन बसतो,
हातवालीत तो इन जातो.
का?
"ती धरते तुम्हाला," टीचर म्हणाल्या
आणि खडू झग्याला पुसला.

खानापूर, काजूच्या कारखान्यावरची माडी,
सात ते आठ, आम्ही अकराजणी.
चिकानं काळी पडलेली बोटं
वहीत प्रत्येक ओळीखाली आपली सही करून जातात.

टेबलाला ॲट. नुसतं जवळ नव्हे,
तिथं काहीतरी काम पाहिजे.
मोटारीला इन, बसला मात्र ऑन.
रुद्रव्वा फिसकन हसली.
ती म्हणते बसन्याग, मी म्हणते बशीत,
दोघी आतच की!
इंग्रजी तेवढी टपावर.

गृहपाठ: घरचं कोण कुठं बसलंय, पाच वाक्यं.
आई चुलीपाशी. ॲट.
भाऊ कॉटवर, मोबाईलसकट. ऑन.
धाकटी शाळेत; इथं दोन्ही चालतात,
अर्थ बदलतो म्हणे, कसा ते पुढच्या सोमवारी.
वहिनी खिडकीशी.
आणि अप्पा, लुमाण्णा कुंभार, चाकापाशी:
ॲट द व्हील.
टीचरनी तांबड्या शाईनं विचारलं,
"गाडी चालवतात का?"

अप्पांना सायकलसुद्धा येत नाही.
आणि चाक तर दोन वर्षं झाली
गोठ्याच्या भिंतीला टेकून उभं आहे.
ते वाक्य खोडलं.

आता अप्पा अंगणात असतात, उकिडवे.
ना पाट, ना पोतं.
तहसीलच्या रांगेत तसेच, एसटीची वाट बघताना तसेच,
टाचांवर सगळा माणूस.
ऑन टाकू तर खाली काही नाही,
इन टाकू तर धरणारं कोण?

टीचरनी शब्द दिला: स्क्वॉटिंग.
त्याला पुढं काही लागत नाही म्हणाल्या.
घरी डिक्शनरीत दुसरा अर्थ निघाला,
परक्या जागेत विनापरवाना ठाण मांडणं.
मी पान मिटलं.

"माझं काय लिवलीस गे?"
"बसलाय म्हणून."
"कशावर?"

अप्पांनी वाकून स्वतःच्या खाली बघितलं.
एक खापरी होती टाचेजवळ.
ती उचलून कडेला ठेवली,
आणि परत बसले.