विरजण

कंपायलर बांधायला कंपायलर लागतो.
नेमगोंडा पाटलांना हे सांगितलं
तर सुताच्या कोनावरचं बोट न काढता म्हणाले,
मग पैला कुणी बांधला?

माधवनगरची गिरणी. टेस्टिंग लॅबच्या मागं
कापसाचा कीस पांघरलेलं हे युनिक्स
पंधरा वर्षं सुताचा काउंट मांडतंय.
आता नवं यंत्र आलंय, ते दशांशासकट बोलतं
आणि जुना प्रोग्राम टिंबापाशी अडतो.
एवढंच. एक टिंब.
त्यासाठी मी तीन रात्री सांगलीहून शेवटच्या बसनं.

सीसी म्हटलं तर मशीन सांगतं
भाषा वेगळी विकत घ्यायची होती,
तुम्ही घेतली नाही.
कुणी घेतली नाही?
खरेदीच्या फाइलीत सही आहे, वाचता येत नाही.

कपाटात बिस्किटाच्या डब्यात एक सीडी सापडली,
वर स्केचपेननं:
जुना कंपायलर. टाकू नये. शै. आवटी.
आवटीबाई निवृत्त, मिरजेला असतात.
फोनवर मागं कुकरची शिट्टी.
म्हणाल्या, त्याच्यावर भरवसा ठेवू नकोस,
एकदाच वापर.
मग नव्यानं नव्याला बांधू दे, आणि त्यानं पुन्हा स्वतःला.
दुसरा नि तिसरा हुबेहूब आले की झालं.
विरजण शेजारणीचं असतं गं,
तिसऱ्या दिवशी दही आपल्या घरचं होतं.

पहिल्या रात्री सेड मेला.
लांब ओळ आली की घास अडकल्यासारखा गप्प.
मग टीएमपी भरलं:
भिंतीपलीकडं गाठींनी भरलेलं एवढं गोदाम,
आणि इथं चिमूटभर जागा नाही.

दुसऱ्या रात्री काहीच मेलं नाही.
ते जास्त वाईट.
मेक बांधत होतं, बांधलेलं पुन्हा बांधत होतं,
माझी प्रत्येक फाइल तिच्या सोर्सपेक्षा जुनी ठरत होती.
अडीचला डोक्यात आलं, तारीख विचारली.
एक जानेवारी एकोणीसशे सत्तर.
घड्याळाचा सेल मेलेला. दुपारी वीज गेली होती,
आणि वीज आल्यावर मशीन तिथंच जागं झालं
जिथून त्याचं मोजणं सुरू होतं,
पहाटे साडेपाचला.
मी केलेलं सगळं जुनं,
आणलेलं सगळं उद्याचं.

पाटील पडद्याकडं वाकले.
सत्तरला मी डॉफिंगला लागलो, म्हणाले,
साडेपाचला पैला भोंगा व्हायचा.
बरोबर तर सांगतंय की.
मग बराच वेळ उभे राहिले,
मी तारीख घालायची थांबले.

तिसऱ्या रात्री, चारच्या सुमाराला,
दुसरा आणि तिसरा शेजारी ठेवून ताडून पाहिले.
सारखे असले तर मशीन काही बोलत नाही.
काही बोललं नाही.
मी तरी पुन्हा ताडलं.

एकोणचाळीस टिंब सात, छापलं त्यानं,
साध्या कागदावर, फिकट शाईत.
सीडी डब्यात परत ठेवली,
टाकू नये च्या खाली माझीही सही.

सेलची मागणी दिली आहे, स्टोअरकडून मंजूर व्हायची आहे.
तोवर वीज गेली तर तारीख पाटील घालतील,
त्यांना कमांड लिहून दिली आहे.
काल त्यांनी फोन केला.
ताई, म्हणाले, वीज गेलती,
लगेच घालू, का राहू दे जरा वेळ?