गोळीबार चौकातला तारा

मी नेली होती कागदाची गुंडाळी:
एका मेलेल्या ताऱ्याचे तेरा हजार ठोके.
धनराज हेडाऊंनी चष्मा पुसला लुंगीच्या टोकाला.
"ठोक्याले तांबडा धागा, मधात काळा. बरोबर?"
एवढंच ठरलं आमचं.
चहा आला, अर्धा अर्धा.

बाहेर सत्तेचाळीस अंश,
कूलरचा वाळा कोरडाठाक.
धोटा जाई, येई,
आणि माझ्या संगणकात तीन वर्षं नुसता आकडे होऊन पडलेला तो
खटक् खटक् बोलू लागला लाकडातून.

अकराव्या दिवशी फोन.
"म्याडम, हात अडखळून रायला जी.
इथं तुमचा तारा सात ठोके चुकला."
मी म्हटलं, तो गोंगाट. दुर्बिणीचा दोष.
आम्ही गाळून टाकतो.
"गाळा तुमी. मी इनलं तसंच."

गेले.
त्यांनी माझं बोट धरून फिरवलं कापडावरून:
तांबडा, तांबडा,
मग बोटभर नुसतं काळं,
मग पुन्हा तांबडा, अगदी वेळेवर,
जसं काही झालंच नाही.

"पन्नास वर्सं बसलो मागावर.
असं दिसलं का समजाचं,
इननारा उठून गेलता.
पानी प्याले.
नाही तं कोनाले पोचवाले."
आणि तुटलेला धागा जोडायला वाकले.

त्या रात्री प्रयोगशाळेत मी गाळणी बंद केली.
तीन वर्षांची सगळी नोंद पुन्हा लावली
आणि मोजत बसले,
कुठे कुठे
कोण उठून गेलं होतं.