न पाहिलेला उतारा

फतेगंजात, सायकलच्या दुकानावरती,
मंगळवार-शुक्रवार, साडेसात ते नऊ,
मॅकवान मॅडम आम्हाला उतारा सोडवायला देतात.
अनसीन, म्हणतात त्या. आधी न पाहिलेला.
मला हसू येतं. इंग्रजीतलं पाहिलेलं असं
माझ्याकडे आहे तरी काय?

आहे म्हणा. वीस वर्षं औषधांच्या गोदामात खोकी मोजते.
वापरण्यापूर्वी हलवा,
मुलांच्या हाती लागू देऊ नका,
थंड, अंधाऱ्या जागी ठेवा,
ही इंग्रजी वाक्यं मी तोंडवळ्यावरून ओळखते,
मागच्या गल्लीतल्या बायका ओळखाव्यात तशी,
नाव न विचारता.

आता नावं विचारायची वेळ आली.
शेठ म्हणाले, सुपरवायझर व्हायचं तर
पेपर इंग्रजीतच असतो, वैजयंताबेन.

उधारीच्या वहीची पाठकोरी पानं शिवून घेतली.
डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ,
मधल्या समासात माझ्या भाषांची भांडणं.
भाजीवाली म्हणते, काले आवजो,
तिचा काल उद्या उगवतो,
घरी पोचेस्तोवर तोच काल मागे पडलेला असतो.
इंग्रजीत अशी सवलत नाही.
झालं गेलं त्याला शेपूट लावायचं :
वॉक्ड, वेटेड, डाइड.
पण हर्टला लावायचं नाही.
हर्ट आजही हर्ट, कालही हर्ट.
का, विचारलं तर मॅडम म्हणाल्या,
नाही म्हणजे नाही, पाठ करा.

नेव्हरदलेस मी तीन ठिकाणी फोडला.
कधीही नाही, ते, कमी.
तुकडे जोडून काही केल्या ‘तरीसुद्धा’ होईना.
तरीसुद्धा लिहून ठेवला.

या शुक्रवारचा उतारा :
समुद्रकाठचं गाव, एकटा म्हातारा.
पोस्टमन मुलाचं पत्र देऊन जातो.
म्हातारा ते मँटलपीसवर ठेवतो, न उघडता,
आणि होडीला रंग द्यायला निघून जातो.
मँटलपीस अडला. अडलं तर थांबू नका,
आजूबाजूच्या शब्दांना विचारा, असं शिकवलंय,
म्हणून मी कोनाडा धरून पुढे गेले.

प्रश्न चौथा. म्हाताऱ्याने पत्र का उघडलं नाही?
हसमुखभाईंनी लिहिलं, मुलावर रागावला होता.
बरोबर. दोन गुण.
मी लिहिलं, त्याला वाचता येत नव्हतं.
लाल फुली.
उताऱ्यात कुठे आहे असं? बोट ठेवून दाखवा.

बोट कुठे ठेवणार?
दादा मिलच्या फाटकावर होते. घरी येणारा प्रत्येक कागद,
काकांचं कार्ड, विजेचं बिल, कोर्टाची नोटीस,
उलटासुलटा करून बघायचे
आणि कॅलेंडरमागे सारायचे. सवडीने बघू.
आम्हाला वाटायचं, काकांशी अबोला आहे.
मी सातवीत गेले तेव्हा एक कार्ड काढून मोठ्याने वाचलं.
काका वारून तेव्हा चार महिने झाले होते.
दादांनी नळावर जाऊन तोंड धुतलं, बराच वेळ.

हे सांगण्याइतकं इंग्रजी माझ्याकडे नव्हतं
आणि वर्गात मराठी चालत नाही.
मी म्हटलं, सॉरी मॅडम.
मॅडमनी उतारा पुन्हा एकदा वाचला, ओठ हलवत,
पहिल्या ओळीपासून.
मग पेनाला टोपण लावलं.
गुण काही दिले नाहीत.

परतताना गेंडी गेटच्या अलीकडे, चौकात,
कुणीतरी उतारा ठेवलेला.
भाताचा मुद्दा, वर गुलाल, चिरलेलं लिंबू.
आई म्हणायची, ओलांडू नकोस गं,
दुसऱ्याचं दुखणं असतं त्यात.
स्कूटर थांबवली. पाय टेकून उभी राहिले जरा.
मग बाजूने काढली.

जेवणं उरकल्यावर डिक्शनरी उघडली.
मँटलपीस : भिंतीतल्या शेगडीवरची फळी.
आमच्याकडे तशी शेगडी नाही.
कॅलेंडर आहे.